चिलरचा प्रेशर सेन्सर बदलायच्या आधी तो खरंच चुकतोय का ते बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. चिंचोली एमआयडीसीत तुमचा ६० टीआरचा (टन रेफ्रिजरेशन, थंड करायची क्षमता) वॉटर कूल्ड स्क्रू चिलर, म्हणजे कारखान्यासाठी पाणी थंड करणारं मशीन आहे, गॅस आर-१३४ए. काही दिवसांपासून एलपी (कमी दाब) वर ट्रिप होतोय, डिस्प्लेवर सक्शन, म्हणजे कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या गॅसचा दाब, १.३ बार दाखवायलंय, चिल्ड वॉटर मात्र ८ अंशाला व्यवस्थित बाहेर पडतंय आणि प्रॉडक्शनची काही तक्रार नाही. सर्व्हिसवाल्याने आधी गॅस टॉप अप केला, फरक पडला नाही म्हणून आता म्हणतोय सेन्सर गेला, नवीन येईपर्यंत कंट्रोलरमध्ये ऑफसेट, म्हणजे आकड्यात ठरावीक बेरीज-वजाबाकी, टाकून चालवू. तुम्ही विचारलंय की सेन्सर जागेवरच कॅलिब्रेट होतो का, का सरळ नवीन घ्यावा, आणि हे किती दिवसांनी करायचं.

माझं सरळ उत्तर असं आहे की दुसऱ्या भरवशाच्या गेजने सेन्सर खोटा ठरल्याशिवाय ना ऑफसेट टाका ना नवीन घ्या. आणि गॅस तर अजिबात भरू नका, कारण सेन्सर कमी दाखवतोय म्हणून गॅस भरत गेलं की उद्या डिस्चार्ज, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं प्रेशर वाढून एचपी (जास्त दाब) वर ट्रिप व्हायला लागेल आणि मग मूळ दुखणं काय होतं ते कुणालाच सापडायचं नाही. सोलापूर भागात मी हे फार बघितलंय, सिलिंडर आणला की काम झाल्यासारखं वाटतं लोकांना.

तुमच्या आकड्यात संशय घेण्यासारखं काय आहे ते बघा. सक्शन १.३ बार गेज (बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वर मोजलेला) म्हणजे आर-१३४ए साठी बाष्पीभवनाचं तापमान उणे ७ च्या आसपास येतं. पाणी ८ अंशाला बाहेर पडतंय. धडधाकट मशीनमध्ये या दोन्हीत चार-पाच अंशांचा फरक असतो, फार तर सहा. तुमच्याकडे पंधरा अंशांचा दिसतोय. एवढा फरक खरा असता तर एक्सपान्शन व्हॉल्व (इव्हॅपोरेटरमध्ये गॅस मोजून सोडणारा) अडकलाय, ड्रायर (गॅसमधला ओलावा-कचरा अडवणारा फिल्टर) चोक झालाय, गॅस खूपच कमी आहे किंवा पाण्याचा फ्लो पडलाय असं काहीतरी असतं आणि त्यात कूलिंग नक्की मार खातं. तुमचं कूलिंग पूर्ण मिळतंय म्हणताय, म्हणजे सेन्सरकडे बोट दाखवायला जागा आहे, पण बोट दाखवणं वेगळं आणि पुरावा वेगळा.

सगळ्यात स्वस्त पुरावा म्हणजे बंद मशीनचं प्रेशर. रविवारी किंवा साप्ताहिक सुट्टीला मशीन रात्रभर बंद ठेवा, सकाळी कॉम्प्रेसर न लावता फक्त चिल्ड वॉटर पंप अर्धा-पाऊण तास फिरवा, म्हणजे इव्हॅपोरेटरच्या (गॅस पाणी थंड करतो तो भाग) शेलमधला गॅस आणि पाणी एकाच तापमानाला येतात. आता पाण्याचं तापमान चांगल्या थर्मामीटरने घ्या, समजा २८ अंश आलं. आर-१३४ए चं २८ अंशाला सॅच्युरेशन प्रेशर (द्रव आणि वायू एकत्र असतानाचं) ७.२७ बार अ‍ॅब्सोल्यूट, म्हणजे हवेचा दाब धरून, असतं. इथे सोलापूरकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवायची, आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब १.०१३ बार नसून ०.९६ च्या आसपास असतो. म्हणून गेजवर ७.२७ वजा ०.९६ म्हणजे ६.३१ दिसायला पाहिजे, चार्टवर मात्र समुद्रसपाटीचा हिशोब असल्यामुळे ६.२६ छापलेलं असतं. ०.०५ चा फरक किरकोळ वाटेल, पण कमी प्रेशरच्या बाजूला तो अर्ध्या अंशाएवढा होतो आणि नेमका तेवढ्यावरूनच वाद होतात. आता तुमच्या डिस्प्लेवर सक्शन ६.२ ते ६.४ मध्ये आला तर सेन्सर त्या पॉइंटला तरी बरोबर आहे. ५.५ दाखवला तर चोर सापडला.

ही तपासणी फुकट आहे, गॅस सुटत नाही, काही उघडावं लागत नाही, तरी कुणी करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. फक्त दोन अटी. एक म्हणजे शेलमध्ये द्रव गॅस शिल्लक पाहिजे, सगळा गळून गेला असेल तर हा हिशोब लागू पडत नाही. दुसरी म्हणजे आर-४०७सी सारख्या मिश्र गॅसला एकाच तापमानाला बबल (द्रव उकळायला लागतानाचं) आणि ड्यू (वायूचा द्रव व्हायला लागतानाचं) असे दोन प्रेशर असतात, तिथे चार्टमधले दोन्ही कॉलम बघून आकडा त्यांच्या मध्ये बसतो का एवढंच म्हणता येतं. डिस्चार्जच्या सेन्सरलाही हीच पद्धत चालते, कंडेन्सरचं पाणी फिरवून त्याच्या तापमानाशी ताडायचं, पण कंडेन्सरमध्ये हवा अडकली असेल तर प्रेशर खरोखरच जास्त असतं आणि शिव्या सेन्सरला पडतात.

बंद मशीनवर बरोबर आला म्हणजे सुटला असंही नाही. ६ बारला बरोबर आणि २ बारला चुकीचा असा सेन्सर असू शकतो. म्हणून दुसरी पायरी गेजची.

गेज कोणता यावर सगळं अवलंबून आहे. सर्व्हिसवाल्याच्या बॅगेतला मॅनिफोल्ड गेज, जो गाडीच्या डिकीत आपटत फिरतो, तो साधारण १.६ क्लासचा, म्हणजे पूर्ण स्केलच्या १.६ टक्क्यांपर्यंत चुकू शकणारा असतो. म्हणजे उणे १ ते १० बारच्या स्केलवर तो नवा असतानासुद्धा ०.१८ बार इकडे-तिकडे असू शकतो. तुमचा सेन्सर ०.१ बारने चुकतोय का हे अशा गेजने ठरवता येत नाही. रेफरन्स हा तपासायच्या वस्तूपेक्षा निदान चारपट अचूक पाहिजे. ०.१ टक्क्याचा डिजिटल टेस्ट गेज घ्या आणि त्याला एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लॅबचं वर्षाच्या आतलं सर्टिफिकेट असू द्या, पुण्याला पाठवून करून आणता येतं. विकत घ्यायचा नसेल तर कॅलिब्रेशनवाल्याला साइटवर बोलवा, पण तो आल्यावर त्याच्या गेजचं सर्टिफिकेट आधी मागा. मागायला लाजू नका, चांगला माणूस स्वतःच काढून दाखवतो.

पण गेज लावायच्याही आधी कनेक्टर उघडा. खरं सांगतो, सेन्सर म्हणून जे बदलले जातात त्यातले कित्येक कनेक्टरमुळे बदललेले असतात. अक्कलकोट रोडच्या एका प्लांटमध्ये अशीच सक्शनची तक्रार होती. सक्शनची लाइन थंड, पावसाळ्यातली दमट हवा, इन्सुलेशन सेन्सरच्या बुडाशी कापलेलं, तिथे सारखं पाणी सुटायचं आणि केबल वरून खाली सरळ कनेक्टरमध्ये उतरलेली, त्यामुळे पाणी केबलवरून ओघळत थेट आत. कनेक्टर ओढला तर रबरी सीलच्या मागे पाण्याचा टपोरा थेंब बसलेला आणि मधल्या पिनेवर हिरवट पांढरी पूड, नखाने खरवडली तर निघत होती. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केल्या, सुकवल्या, सील बदललं, केबलला कनेक्टरच्या खाली एक वळसा दिला म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. सेन्सर तोच राहिला आणि रीडिंग जागेवर आलं.

तुमचा सेन्सर कुठल्या जातीचा आहे ते लेबलवर बघा, कारण पुढची तपासणी त्यावर ठरते. चिलरवर साधारण दोनच प्रकार भेटतात. एक दोन वायरचा ४ ते २० मिलीअ‍ॅम्पवाला, दुसरा तीन वायरचा, ५ व्होल्ट सप्लायवर ०.५ ते ४.५ व्होल्ट देणारा, ज्याला रेशिओमेट्रिक म्हणतात. तीन वायरवाला लई नाजूक प्रकृतीचा असतो, कारण त्याचं आउटपुट सप्लायच्या प्रमाणात असतं. समजा ० ते १० बारचा सेन्सर आहे आणि खरं प्रेशर २ बार आहे, तर १.३ व्होल्ट यायला पाहिजे. पण खराब पिनेमुळे सेन्सरपर्यंत ५ ऐवजी ४.८ व्होल्टच पोचत असतील तर आउटपुट १.२५ च्या आसपास येतं आणि डिस्प्लेवर १.८७ बार दिसतं. ०.१३ बार कमी, म्हणजे सव्वा अंश गेला, आणि सेन्सरचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. म्हणून ५ व्होल्ट पॅनलमध्ये मोजून खूश होऊ नका, सेन्सरच्या पिनेवर, सेन्सर जोडलेला असताना मोजा. अजून एक, बऱ्याच कंट्रोलरमध्ये सगळ्या सेन्सरना एकच ५ व्होल्टचा सप्लाय असतो, एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की तो सप्लाय खाली ओढतो आणि सगळेच खोटं बोलायला लागतात. तीन-चार रीडिंग एकदम बिघडली तर सगळे सेन्सर ऑर्डर करत बसू नका, मशीन बंद करून एकेक कनेक्टर काढत जा, ज्याचा काढल्यावर बाकीचे ताळ्यावर येतील तो गुन्हेगार.

४ ते २० वाल्याचं बरं असतं, लूपमध्ये थोडा रेझिस्टन्स वाढला तरी करंट तोच राहतो. मल्टिमीटर मिलीअ‍ॅम्पवर ठेवून सिरीजमध्ये लावा, ० ते १० बारवाल्याला २ बारला ७.२ मिलीअ‍ॅम्प यायला पाहिजे. इथे मीटरवर ७.२ आणि डिस्प्लेवर भलतंच असेल तर सेन्सर निर्दोष, कंट्रोलरमधली रेंज बघा. ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर करंट म्हणजे तुटलेली वायर, शॉर्ट किंवा मेलेला सेन्सर. लूप तोडताच मशीन ट्रिप होणार, म्हणून हे सगळं मशीन बंद करून, पॅनलला टॅग लावून करा.

रेंजवरून आठवलं, हा घोटाळा मी सगळ्यात जास्त बघितलाय. सक्शनला मूळ सेन्सर उणे १ ते ९ बारचा होता, बाजारात मिळाला ० ते १० बारचा, दोन्ही ४ ते २०, दोन्हीचा आटा सारखा, बसला एकदम चपखल. पण कंट्रोलरला कुणी सांगितलंच नाही. मग खरं प्रेशर २ बार असताना नवा सेन्सर ७.२ मिलीअ‍ॅम्प पाठवतो आणि कंट्रोलर जुन्या हिशोबाने त्याला १ बार समजतो. बरोबर एक बार कमी, सगळीकडे, कायम. तुमच्याकडे डिस्प्ले खूप खाली आहे म्हणून विचारतो, गेल्या सहा महिन्यांत कुणी सेन्सर बदललाय का? बदलला असेल तर सगळ्यात आधी लेबलवरची रेंज आणि कंट्रोलरमधली रेंज शेजारी शेजारी ठेवून बघा. शंका असेल तर सेन्सर हवेत उघडा करून करंट मोजा, उणे १ ते ९ वाला ५.६ देईल, ० ते १० वाला ४.

हवेतल्या झीरोबद्दलही एक गोष्ट. सील्ड गेज प्रकारच्या सेन्सरमध्ये आत समुद्रसपाटीचा दाब बंद केलेला असतो, तो सोलापुरात हवेत उणे ०.०५ दाखवेल, आणि अ‍ॅब्सोल्यूट सेन्सर ०.९६ दाखवेल, १.०१ नाही. हा बिघाड समजून झीरो ओढू नका. ज्याला मागे व्हेंट असतो तो मात्र इथेही शून्यच दाखवायला पाहिजे.

आता खरं कॅलिब्रेशन. सेन्सर काढून हँड पंपवर किंवा रेग्युलेटर लावलेल्या ड्राय नायट्रोजनवर टी जोडून एका तोंडाला रेफरन्स गेज, दुसऱ्याला सेन्सर. ऑक्सिजन कधीच वापरायचा नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो, आणि रेग्युलेटरशिवाय नायट्रोजनही नाही, भरल्या सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास प्रेशर असतं. रेंजच्या ०, २५, ५०, ७५, १०० टक्क्यांना थांबत चढत जायचं आणि त्याच पॉइंटना थांबत उतरत यायचं, प्रत्येक ठिकाणी रीडिंग स्थिर होईपर्यंत धीर धरायचा. मग कागदावर बघा. सगळ्या पॉइंटना चूक सारखीच आहे तर झीरो सरकलाय. प्रेशर वाढेल तशी चूक वाढत जातेय तर स्पॅन गेलाय. चढताना एक आणि उतरताना दुसरं येतंय तर डायफ्राम थकलाय, त्याचं काही होत नाही, काढून टाका.

यातूनच ऑफसेटचं उत्तर मिळतं. चिलरवरच्या बहुतेक सेन्सरना स्वतःचा स्क्रू किंवा बटण नसतंच, म्हणून कंट्रोलरमधल्या ऑफसेटला लोक कॅलिब्रेशन म्हणतात. ऑफसेट फक्त झीरोची चूक भरून काढतो. स्पॅन गेलेल्या सेन्सरला ऑफसेट टाकला की एका पॉइंटला आकडा जुळतो आणि बाकी सगळीकडे नव्याने चुकतो. माझा नियम असा, पाचही पॉइंटची चूक सारखी असेल आणि सक्शनला ०.१ बारच्या आत असेल तर ऑफसेट टाका, तारखेसकट लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांनी परत बघा. चूक त्याहून मोठी असेल किंवा पंधरा दिवसांत परत सरकली असेल तर सेन्सर बदलायचा, तिथे काटकसर करायची नाही.

का म्हणून एवढा आग्रह ते सांगतो. कंट्रोलर सक्शन प्रेशरवरून बाष्पीभवनाचं तापमान काढतो, सक्शन पाइपचं तापमान वेगळ्या सेन्सरने घेतो आणि दोन्हीच्या वजाबाकीला सुपरहीट म्हणतो. या सुपरहीटवर इलेक्ट्रॉनिक एक्सपान्शन व्हॉल्व चालतो. सेन्सर ०.३ बार कमी दाखवतोय असं धरा. २ बारऐवजी १.७ म्हणजे शून्याच्या जवळचं तापमान कंट्रोलरला उणे अडीच वाटतं. खरं सुपरहीट ५ असताना त्याला ८ दिसतं, मग तो व्हॉल्व उघडत जातो, खरं सुपरहीट २ वर येतं आणि द्रव गॅस कॉम्प्रेसरकडे निघतो. तेल पातळ होतं, बेअरिंग जातं. काही हजारांच्या सेन्सरपायी लाखांचा स्क्रू कॉम्प्रेसर उघडावा लागतो. उलट सेन्सर जास्त दाखवत असेल तर व्हॉल्व बंद होत जातो, मशीन उपाशी चालतं, लाइट बिल वाढतं आणि फ्रीझ होण्याच्या धोक्याची सूचनाही उशिरा येते. हाच ०.३ बार डिस्चार्जला ४० अंशाच्या आसपास जेमतेम एक अंश असतो. म्हणून सक्शनचा सेन्सर डिस्चार्जपेक्षा जास्त जपायचा, आणि ० ते ३० बारचा डिस्चार्जचा सेन्सर रेंज बदलून सक्शनला लावायचा जुगाड करायचा नाही, एक टक्का फुल स्केल म्हणजे तिथेच ०.३ बार झाला.

बदलायचं ठरलंच तर पहिला प्रश्न, सेन्सरच्या खाली काय आहे. बऱ्याच मशीनवर पाव इंची फ्लेअर पोर्टमध्ये श्रेडर कोअर (टायरच्या व्हॉल्वसारखा स्प्रिंगचा व्हॉल्व) असतो, सेन्सर काढला की व्हॉल्व आपोआप बंद होतो. काही ठिकाणी छोटा आयसोलेशन व्हॉल्व असतो. आणि काही ठिकाणी यातलं काहीच नसतं, सेन्सर सरळ पाइपवर, तिथे गॅस पंप डाउन (मशीनच्याच दुसऱ्या भागात कोंडून) किंवा रिकव्हर (सिलिंडरमध्ये काढून) केल्याशिवाय हात लावायचा नाही. ड्रॉइंग बघा, कंपनीला फोन करून विचारा. श्रेडर आहे असं कळलं तरी गॉगल आणि हातमोजे घालून, तोंड बाजूला ठेवून आधी अर्धा-एक आटा सैल करा. फुस्स करून थांबलं तर पुढे, थांबतच नसेल तर परत आवळा. द्रव गॅस हातावर आला तर कातडी जळाल्यासारखी होते, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

सोडताना आणि आवळताना दोन पाने वापरा, एकाने पोर्ट धरून ठेवायचा. एकाच पान्याने जोर लावला की खालची तांब्याची नळी पिळते, त्या दिवशी काही दिसत नाही, महिन्याभराने तिथूनच गळते. फ्लेअरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप लावू नका, तिथे सील कोनावर होतं, आट्यावर नाही, टेपचे तुकडे मात्र श्रेडरमध्ये जातात. मशीनमधल्याच तेलाचा एक थेंब पुरतो. ओ-रिंग किंवा तांब्याचा वॉशर असेल तर नवाच घाला. टॉर्क सेन्सरच्या कागदावर दिलेला असतो तेवढाच, आणि षटकोनावर पाना लावा, वरच्या गोल बॉडीला पाइप पाना लावून फिरवलेला सेन्सर तिथेच खराब होतो. झाल्यावर साबणाच्या पाण्याने आणि लीक डिटेक्टरने दोन्हीने तपासा.

सेन्सर शक्यतो पाइपच्या वरच्या अंगाला उभा किंवा आडवा असावा, खाली लोंबता नको, त्यात तेल साचतं. पिस्टन कॉम्प्रेसरच्या डिस्चार्जला स्नबर (प्रेशरचे धक्के मऊ करणारा जोड) नाहीतर कॅपिलरी (बारीक नळी) हवीच, नाहीतर धडधडीने डायफ्राम मार खातो. शील्डेड केबलची शील्ड पॅनलच्या एकाच टोकाला अर्थ करा आणि ती केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) मोटर केबलसोबत एकाच ट्रेमधून नेऊ नका. मोटर मेगर करताना (इन्सुलेशनची हाय व्होल्टेज तपासणी) किंवा जवळ वेल्डिंग चालू असताना सेन्सर आणि कंट्रोलर सोडवून ठेवा, हे पाळलं नाही म्हणून मेलेले सेन्सर खूप आहेत.

नवा सेन्सर लावला आणि रीडिंग हलतच नाही, कॉम्प्रेसर चालू केला तरी आकडा जिथल्या तिथे? तर सेन्सर परत करायला धावू नका. एक शक्यता, नटमधली पिन श्रेडरला पुरती दाबतच नाहीये. दुसरी, सेन्सर सर्व्हिस व्हॉल्वच्या बाजूच्या पोर्टवर आहे आणि व्हॉल्व पूर्ण मागे फिरवलेला आहे, तशा स्थितीत तो पोर्ट बंद होतो आणि आत अडकलेलं प्रेशरच दिसत राहतं. एक-दोन आटे पुढे घ्या, काटा जिवंत होईल.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. हा सेन्सर कंट्रोलसाठी आहे, आणि वेगळा मेकॅनिकल एचपी स्विच जिवाच्या रक्षणासाठी. काम करताना ट्रिप नको म्हणून एचपी स्विच किंवा फ्लो स्विच कुणी बायपास करू म्हणाला तर त्याला गेटबाहेर काढा.

डिस्चार्ज जास्त दाखवतोय म्हणून सेन्सरवर येणाऱ्या तक्रारी आपल्या भागात बहुतेक वेळा खऱ्या प्रेशरच्या असतात. टॉवेल-चादरीच्या कारखान्यात एअर कूल्ड चिलर असेल तर मागावरून उडणारी रुई कंडेन्सरच्या फिन्सवर गोधडीसारखी बसते, एप्रिल-मे मधल्या ४२-४३ अंशात त्यावर एचपी ट्रिप होणारच. तुमच्यासारख्या वॉटर कूल्डमध्ये बोअरच्या जड पाण्याने कंडेन्सर ट्यूबला खपली धरते. सेन्सर खरं सांगत असतो, आणि ते ऐकायचं सोडून त्यालाच बदलतात.

पाण्याच्या बाजूचे सेन्सरही यात धरा, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. इव्हॅपोरेटरवर डिफरन्शियल प्रेशर सेन्सर असेल तर त्याचा झीरो बघताना मधला इक्वलायझिंग व्हॉल्व उघडून दोन्ही बाजू एक करा, बारीक नळ्यांमधली हवा काढा, गाळ असेल तर फ्लश करा. डीपी (दोन्ही बाजूंच्या प्रेशरमधला फरक) एक चतुर्थांश झाला की फ्लो निम्मा झालेला असतो, म्हणून कमी फ्लोला झीरोची छोटी चूकही मोठं खोटं बोलते. फ्लो आहे असं दाखवलं आणि प्रत्यक्षात नसेल तर ट्यूबमध्ये बर्फ होऊन ट्यूब फुटते, गॅसच्या सर्किटमध्ये पाणी शिरतं आणि मशीन महिनाभर आडवं पडतं. साध्या वॉटर प्रेशर सेन्सरची गेजशी तुलना करताना दोघांची उंची सारखी आहे का बघा, १० मीटर पाण्याचा खांब म्हणजे ०.९८ बार. गेज पंपाजवळ खाली आणि सेन्सर ३ मीटर वर हेडरवर असेल तर ०.३ बारचा फरक हा फरकच नाही.

किती दिवसांनी, तर बंद मशीनवरची तापमान-प्रेशर तपासणी दर तीन महिन्यांनी, आणि रेफरन्स गेजवर पाच पॉइंटची वर्षातून एकदा. वर्षाची वेळ मी गड्ड्याची यात्रा (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) उरकली की लगेच, जानेवारीच्या शेवटी ठेवतो. तेव्हा लोड कमी असतो, मशीन बंद ठेवायला प्रॉडक्शनवाले कुरकुर करत नाहीत, आणि काही निघालंच तर उन्हाळा चढायच्या आत पार्ट येतो. औषधाची कंपनी असेल तर तुमच्या एसओपीत जी मुदत लिहिलीय तीच पाळावी लागेल.

तुमच्यापुरता क्रम असा ठेवा. उद्या कंट्रोलरची रेंज आणि सेन्सरचं लेबल जुळवा आणि कनेक्टर उघडून पिना बघा, येत्या सुट्टीला बंद मशीनचं प्रेशर पाण्याच्या तापमानाशी ताडा. यातून सेन्सर सुटला तर ड्रायरच्या दोन्ही बाजूंना तापमान घ्या, फरक हाताला जाणवण्याइतका असेल तर ड्रायर चोक आहे. सेन्सरच सापडला तर मूळ रेंजचा, मूळ आउटपुटचा घ्या, आणि टॉप अप केलेला गॅस किती किलो होता ते सर्व्हिसवाल्याकडून लिहून घ्या, कारण सेन्सर बरोबर झाल्यावर तो जादा गॅस काढावा लागणार आहे. मशीन सुरू झाल्यावर पूर्ण लोडला सक्शन, डिस्चार्ज, सुपरहीट, पाणी आत-बाहेर एवढे आकडे टेस्ट गेजच्या आकड्यांसोबत लॉगबुकात उतरवा, दुसऱ्या दिवशी त्याच लोडला परत उतरवा. ऑर्डर देताना एलपी आणि एचपी दोन्हीचा एकेक स्पेअर वॉशरसकट मागवा आणि त्यांचे पार्ट नंबर आणि रेंज पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, रात्रपाळीचा फिटर बाजारातून भलत्याच रेंजचा आणणार नाही.